गुरुजींनीं होडींत बसावें

जळगांवहून अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास निघालेल्या शाळांच्या सहली पहुरावरून पुढें जातात. पहूर पेठ आणि पहूर कसबे हीं जोडगांवें गाडीच्या खिडकींतून दिसतात. वाघूर नदीचें पात्रहि दिसतें. सहलींच्या दिवसांत त्यांत पाण्यापेक्षां वाळू व दगडच अधिक. ज्या कड्यांत अजिंठ्याचीं लेणीं कोरलेलीं आहेत त्या कड्याला वळसा घालून हीच वाघूर खालीं खानदेशांत उतरते, ही गोष्ट मुलांना कोणी सांगत नाहीं. आणि तिच्याच कांठीं, दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत, भर समुद्रांतलें एक गलबत रंगविलेलें आहे हें तर फारच थोड्यांना ठाऊक असतें. पूर्ण नांवाच्या व्यापाऱ्याची कथा त्या भिंतीवर चितारलेली आहे. गलबताला तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच चौकोनी शिडें, पाठीमागच्या अंगाला सुकाणूं म्हणून बाजूला बांधलेलें लांब वल्हें, वर ओळीनें ठेवलेले रांजण, आणि नाळेवर रंगविलेला डोळा. समुद्र येथून शेंकडों किलोमीटर दूर. तरीहि दीड हजार वर्षांपूर्वींच्या त्या चित्रकाराला शीड कसें बांधतात व सुकाणूं कोणत्या अंगाला असतें याची चांगली माहिती होती, असें चित्र पाहणाऱ्यास वाटल्यावांचून राहत नाहीं.

शिक्षक मुलांना पद्मपाणि दाखवितात, छतावरील वेलबुट्टी दाखवितात. गलबतापुढें फारसें कोणी थांबत नाहीं. थांबून तरी सांगावयाचें काय? शीड, सुकाणूं आणि नांगर हे तीन शब्द संपले कीं आपल्या सुशिक्षित मंडळींचें नौकाज्ञान संपतें. मुलानें एवढेंच विचारलें कीं, “गुरुजी, वारा समोरून आला तर हें जहाज पुढें कसें जाणार?” तर पुढच्या लेण्याकडे चलावें हें उत्तम.

हा प्रश्न ज्याला अडवितो त्या शिक्षकानें, आणि ज्याला तो सुचतो त्या विद्यार्थ्यानें, उन्हाळ्याच्या सुटींत एकत्र जाऊन शिडाची होडी चालवावयास शिकावें, असें सुचविलें तर खानदेशांत लोक हंसतील. ज्या मुलुखांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची पंचाईत, तेथें शिडाची होडी हा श्रीमंती चोचला वाटणें स्वाभाविक आहे. परंतु या सूचनेंतील महत्त्वाचा भाग होडी हा नसून ‘एकत्र’ हा शब्द आहे. मुलांना शिबिरास धाडून गुरुजींनीं कांठावर छत्री घेऊन बसावें, हजेरी घ्यावी आणि “सांभाळून रे” म्हणून ओरडावें, अशी सहल येथें अभिप्रेत नाहीं.

गुरु आणि शिष्य एकाच वेळीं नवशिके असले म्हणजे काय होतें, याचें अगदीं ताजें उदाहरण त्या अजिंठ्याच्या गलबतानेंच पुरविलें आहे. इ. स. २०२३ च्या जुलै महिन्यांत भारत सरकारचें सांस्कृतिक खातें, भारतीय नौदल आणि गोव्यांतील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यामध्यें करार झाला, आणि अजिंठ्याच्या चित्रावरून पांचव्या शतकांतल्या धर्तीचें गलबत प्रत्यक्ष बांधावयाचें ठरलें. लोखंडी खिळा मारावयाचा नाहीं. लांकडी फळ्या काथ्याच्या दोरीनें एकमेकींस शिवावयाच्या, व फटी नारळाच्या काथ्यानें आणि राळेनें भरावयाच्या. केरळांतील बाबू शंकरन् या कसबी सुताराच्या हाताखालीं हें शिवणकाम चाललें. जुना नकाशा कोठेंहि उपलब्ध नव्हता. होतें तें भिंतीवरचें चित्र, आणि कारागिराच्या हातांतलें वडिलोपार्जित कौशल्य. त्या दोहोंवरून नौदलाच्या अभियंत्यांनीं आराखडा सिद्ध केला, व मद्रासच्या आय. आय. टी. मध्यें लहान प्रतिकृति पाण्यांत सोडून त्याची परीक्षा करण्यांत आली. २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें ही नौका नौदलांत दाखल झाली. अतिपूर्वेकडे गेलेल्या प्राचीन दर्यावर्दी कौंडिण्याचें नांव तिला दिलेलें आहे.

नौका तयार झाली. पण ती चालविणार कोण? नौदलांत शिडाच्या नौका चालविणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या बहुतेक नौकांचीं शिडें त्रिकोणी, आणि सुकाणूं पाठीमागें मध्यभागीं बसविलेलें. येथें शिडें चौकोनी, सुकाणवाच्या ठिकाणीं वल्हीं, आणि एंजिन नाहींच. असली नौका हांकलेला मनुष्य त्यांच्यांत कोणीहि नव्हता. अधिकारी असो कीं खलाशी, प्रत्येकाला पहिल्या इयत्तेपासून आरंभ करावा लागला. कोणत्या वाऱ्यांत ती किती कलते, वळावयास किती वेळ घेते, शीड केव्हां उतरवावें, हें शिकवावयास गुरु शिल्लक नव्हता. नौका हीच गुरु. अशा रीतीनें शिकलेली ती मंडळी २९ डिसेंबर २०२५ रोजीं पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ मध्यें मस्कतला पोंचली. पहुराहून तासाभराच्या वाटेवर भिंतीला चिकटून बसलेलें गलबत अरबी समुद्र ओलांडून गेलें! खानदेशांतल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर ही बातमी त्या दिवशीं लिहिली जावयास हवी होती.

विद्या लुप्त होण्यास फार काळ लागत नाहीं. शिकविणारी एक पिढी कांठावर बसून राहिली म्हणजे पुरें. आणि ती परत मिळवावयाची तर कोणातरी प्रौढ, प्रतिष्ठित माणसाला विद्यार्थ्याच्या बाकावर उतरावें लागतें. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांना या गोष्टीची जाणीव होती. मुंबई बंदरांत उभ्या असलेल्या ‘डफरिन’ या शिक्षणनौकेवर तयार झालेले हे मराठी दर्यावर्दी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीस, म्हणजे समुद्र दृष्टीसहि पडणार नाहीं अशा गांवीं, राहत असत. एका भारतीयानें भारतांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास होता. इ. स. २००६ मध्यें कमांडर दिलीप दोंदे त्यासाठीं पुढें आले. दोंदे हे नौदलांतले पाणबुडे अधिकारी. असला प्रवास पूर्वीं कोणा भारतीयानेंच केलेला नव्हता, तेव्हां अनुभवाची गोष्ट निराळी बोलावयास नको. नौका बांधावयाची गोव्यांतील रत्नाकर दांडेकर यांनीं, आणि त्यांनींहि पूर्वीं असलें काम केलेलें नव्हतें. दोंदे त्या कारखान्यांत राबले, नौकेचा सांधा न् सांधा समजून घेतला, इंग्लंडचे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्यापाशीं जाऊन उमेदवारी केली. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं इ. स. १९६८-६९ मध्यें कोठेंहि न थांबतां एकट्यानें जगप्रदक्षिणा करण्याचा पहिला मान मिळविला तो ‘सुहैली’ या नौकेंतून. आणि ती सागवानी नौका मुंबईच्या सुतारांनीं बांधलेली होती. म्हणजे मुंबईहून गेलेली विद्याच फेरा मारून परत आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ‘म्हादेई’ नौकेंतून दोंदे ऑगस्ट २००९ मध्यें निघाले व मे २०१० मध्यें परत आले.

त्या सफरींत बंदरोबंदरीं जाऊन नौकेची दुरुस्ती, दोर, शिधासामग्री पाहणारा मदतनीस होता अभिलाष टॉमी. तोच पुढें २०१२-१३ मध्यें एकटा, आणि वाटेंत कोठेंहि न थांबतां, पृथ्वीभोंवतीं फिरून आला. पुढें दोंद्यांनीं नौदलांतल्या सहा तरुणींना तयार केलें. त्यांची ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघून २१ मे २०१८ ला परतली. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाति, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजयादेवी आणि पायल गुप्ता हीं त्यांचीं नांवें; यांतल्या बहुतेकींचीं घरें उत्तराखंड, हिमाचल, मणिपूर, हैद्राबाद अशा समुद्र नसलेल्या मुलुखांत. आणि टॉमीच्या हाताखालीं शिकलेल्या दिलना व रूपा या दोघींनीं २०२४-२५ मध्यें त्याच ‘तारिणी’तून पुन्हां प्रदक्षिणा केली. वीस वर्षांच्या आंत ही चार पिढ्यांची गुरुपरंपरा उभी राहिली. तिच्यांतील प्रत्येक गुरु आधीं स्वतः ओला झालेला होता.

आतां शाळेंतल्या गुरुजींकडे वळूं. पंचेचाळीस वर्षांचे भूगोलाचे शिक्षक आणि नववींतला विद्यार्थी असे दोघे लहान होडींत बसले आहेत अशी कल्पना करावी. अशा होडींत एकाच्या हातीं सुकाणूं व मोठें शीड, दुसऱ्याच्या हातीं पुढचें लहान शीड. पहिला पाठ होडी चालविण्याचा नसतो, उलटविण्याचा असतो. कांठाजवळच्या पाण्यांत होडी मुद्दाम कलंडवितात, दोघेहि पाण्यांत. होडीच्या पोटाखालून पाण्यांत उतरविलेली एक फळी असते. तिच्यावर उभें राहून, कडेला धरून, अंगाचा भार मागें टाकला कीं शीड पाण्यांतून सावकाश वर येतें आणि होडी सरळ होते. हें चार-पांच वेळां करावें लागतें. मुलाला मौज वाटते. गुरुजींचा चष्मा दोरीनें बांधलेला असला म्हणजे बरें.

दुसरा पाठ सुकाणवाचा. दांडा डावीकडे लोटला कीं होडी उजवीकडे वळते. मुलाच्या हाताला ही उलटी चाल अर्ध्या तासांत बसते. गुरुजी दर वेळीं आधीं विचार करतात, आणि तेवढ्यांत होडी वाऱ्याच्या तोंडाशीं जाऊन शीड फडफडवीत उभी राहते. शिडाच्या पायथ्याची आडवी दांडी होडी वळतांना या अंगाहून त्या अंगाला जोरानें जाते; त्या क्षणीं डोकें खालीं घालावें लागतें. ज्या डोक्यापुढें वीस वर्षें वर्ग उभा राहिला तें डोकें वांकविण्याची हुकूमवजा सूचना येथें चौदा वर्षांचा मुलगा देतो, कारण सुकाणूं त्याच्या हातीं आहे. “गुरुजी, वांका!” यांत उद्धटपणा नाहीं. सुकाणूं ज्याच्या हातीं त्याचा शब्द दुसऱ्यानें तत्काळ मानावयाचा, हा पाण्यावरचा नियमच आहे. पुढच्या फेरींत जागा बदलतात, आणि मग मुलगा ऐकतो.

आणि तेव्हां लेण्यांतल्या त्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. वारा समोरून आला तर कोणतीहि शिडाची होडी सरळ पुढें जाऊं शकत नाहीं. आजच्या लहान होडीचें त्रिकोणी शीड वाऱ्याच्या दिशेशीं सुमारें पंचेचाळीस अंशांचा कोन करून पुढें सरकतें. म्हणून आधीं उजवीकडे तिरकें जावयाचें, मग वळून डावीकडे तिरकें. घाटांतल्या रस्त्यासारखीं वळणें घेत घेत वर चढावयाचें. वारा होडीला आडवी ढकलूं पाहतो, पोटाखालची ती फळी आडवें जाऊं देत नाहीं, आणि या ओढाताणींतून होडी पुढें निसटते. चौकोनी शिडाच्या गलबताला मात्र वाऱ्याच्या इतक्या जवळ जातां येत नाहीं. तें अनुकूल वाऱ्याची वाट पाहतें. म्हणूनच जुने व्यापारी मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकानें चालत. हें सारें पुस्तकांतून सांगतां येतें. परंतु ज्यानें ती ओढाताण स्वतःच्या तळहातांत, दोरीच्या चटक्यांत, अनुभवली आहे त्याचें सांगणें मुलांना निराळें वाटतें.

खारे वारे आणि मतलई वारे यांचेंहि तसेंच. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून दुपारीं वारा समुद्राकडून येतो. रात्रीं ती लवकर निवते, म्हणून पहाटे तो जमिनीकडून वाहतो. एवढें प्रत्येक शाळेंत पाठ होतें. कोंकणांतला नाखवा हें पाठ करीत नसे. तो पहाटेच्या मतलईवर शीड सोडून बाहेर पडे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरीं येई. एंजिनें आल्यापासून हा क्रम मोडला. तरीहि रत्नागिरी-मालवणाकडे जुनीं शिडें हाताळलेले वृद्ध तांडेल अजून भेटतात. अशा सहलीचा खरा आचार्य म्हणजे असा तांडेल. त्यानें शाळेंत किती इयत्ता ओलांडल्या हा प्रश्न विचारूं नये. त्याच्यापुढें मॅट्रिक, बी. ए. आणि नववी नापास हे सारे एकाच इयत्तेंतले.

आपल्या सुशिक्षित वर्गाला हें जड जातें, आणि त्याला कारण आहे. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या वर्गानें दर्याविद्या कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी यांच्यावर सोंपवून टाकली, आणि मग ती विद्याच नव्हे असें स्वतःस पटवून घेतलें. शिवाजी महाराजांची दृष्टि अशी नव्हती. डोंगरी किल्ल्यांत वाढलेला हा राजा इ. स. १६६५ मध्यें बसरूरच्या स्वारीस स्वतः गलबतांत बसून गेला. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत आरमाराला स्वतंत्र प्रकरण दिलें. हे दाखले शाळाशाळांतून दर वर्षीं भाषणांत येतात. भाषण करणारा मात्र किनाऱ्यावर गेला तर घोट्याच्या वर पाण्यांत जात नाहीं.

हा केवळ गमतीचा प्रश्न असता तर त्यावर इतका वेळ खर्चिण्याचें प्रयोजन नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश व्यापारी जहाजें बुडूं लागलीं, तेव्हां लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाचें असें मत झालें कीं, उघड्या जीवनौकांत तरुण खलाशी आधीं दगावतात आणि शिडावर जन्म काढलेले वयस्क खलाशी टिकून राहतात. तरुणांच्या अंगांत बळ कमी होतें असें नाहीं; वारा, थंडी आणि भय यांच्याशीं त्यांची ओळख झालेली नव्हती. यांतूनच, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साह्यानें, इ. स. १९४१ मध्यें वेल्समधील ॲबरडोव्ही येथें तरुणांसाठीं महिनाभराच्या नौकानयनाची शाळा निघाली. आऊटवर्ड बाऊंड या नांवानें ती पद्धति पुढें देशोदेशीं पसरली.

आपल्याकडे जीव जातात ते समुद्रांत क्वचित्. ते जातात धरणांत, खदानींत, विहिरींत. उन्हाळ्याच्या सुटींत पोहावयास गेलेलीं मुलें बुडाल्याची बातमी आली नाहीं असें वर्ष खानदेशांत जात नाहीं. ती वाचून शाळा काय करते? ‘धरणाकडे जाऊं नये’ अशी सूचना फळ्यावर लागते. सूचना लावणाऱ्याला स्वतःला पोहतां येत नाहीं आणि सूचना वाचणाऱ्यालाहि नाहीं. आणि पाणी तर गांवाशेजारीं तसेंच भरून राहिलेलें असतें. जळगांव शहराची तहान भागविणारा वाघूर जलाशय त्याच अजिंठ्याकडून आलेल्या नदीचा. तापीवर हतनूरचें पाणी आहे. पुण्यापाशीं खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीड हाताळावयास शिकतात, तेथेंहि समुद्र नाहीं. धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी नसते, लाटा लहान असतात. डोंगरांतून अवचित येणारा झोत मात्र असतो, आणि त्याचा धाक शिकणाऱ्यानें बाळगावाच.

शिक्षकानें विद्यार्थ्यांबरोबर शिकण्याची सोय आपल्या देशांत अगदींच नाहीं असेंहि नाहीं. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेंत शाळा-महाविद्यालयांचे अध्यापकच अधिकारी म्हणून नेमले जातात, आणि सुमारें सत्तावीस फुटी व्हेलर होडींतून छात्र वल्हीं व शीड या दोहोंवर लांबच्या मोहिमा करतात. ही शाखा ज्या शाळांच्या वांट्याला आली नाहीं त्यांना लहान प्रमाणावर आरंभ करतां येईल. खर्चाची अडचण सांगितली जाईल. दोन होड्या, पुरेशीं जीवरक्षक जाकिटें, एक जाणता तांडेल आणि पाटबंधारे खात्याची परवानगी, एवढी सामग्री पांच-सहा शाळांनीं मिळून जमविणें अशक्य नाहीं. वार्षिक संमेलनाच्या मांडवावर त्याहून फारसें कमी खर्च होत नाहीं. खरी अडचण वेगळीच आहे. मुलांसमोर बुडी खावयाची, मुलांसमोर चुकावयाचें, आणि “आज तुला माझ्यापेक्षां चांगलें जमलें” असें म्हणावयाचें, यास किती शिक्षक राजी होतील? जे होतील त्यांनीं जावें. इतरांना बळेंच होडींत घालण्यांत अर्थ नाहीं. भिणारा माणूस होडींत उभा राहतो, आणि मग सर्वांनाच घेऊन जातो.

कोंकणांत जावयाचें तर एप्रिल अखेर किंवा मेचा पहिला आठवडा बरा. पुढें नैर्ऋत्येचा वारा बळावतो, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत तर मासेमारीच बंद असते. वाघूर जलाशयावर जावयाचें तर सकाळीं सहा ते नऊ हीच वेळ. त्यानंतर खानदेशाचें ऊन होडी तापवितें. पोहणें मात्र त्याच्याहि आधीं, फेब्रुवारीपासून, एखाद्या भरलेल्या विहिरीवर, पट्टीच्या पोहणाऱ्याच्या देखरेखीखालीं आणि पाठीला सुकलेला भोपळा बांधून सुरू करावें. आणि त्या वर्गाच्या हजेरीपटावर पहिलें नांव गुरुजींचें असावें.